पिकअप दिसतो, तोल दिसत नाही: स्पोर्ट्स कार नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी

रस्त्याकडेला एखादी ठेंगणी, रुंद, विदेशी स्पोर्ट्स कार उभी असली की भोवती जमलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "केवढ्याला पडली?", "किती हॉर्सपॉवर?", "ॲव्हरेज देते का?" शेवटचा प्रश्न हसत हसत विचारतात, पण खरं उत्तर मिळालं तर हवंच असतं. ही गाडी वळते कशी, असं मात्र कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. 'पिकअप' शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. तोलाला आपण फार तर 'रोडग्रिप' म्हणतो आणि विषय संपतो.

ज्यांना या गाड्यांची नुकतीच गोडी लागली आहे, आकडे पाठ झालेत पण गाडीत बसल्यावर नेमकं काय बघायचं ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो: शिकणाऱ्याने दीडशे-दोनशे घोड्यांच्या, नीट तोललेल्या गाडीवर हात बसवावा. पाचशे घोडे कुठे पळून जात नाहीत.

एक शब्द स्पष्ट करून घेऊ. आरसी बुकवर 'चेसिस नंबर' छापलेला असतो, गॅरेजवाला 'चासी' म्हणतो. इथे चॅसी म्हणजे नुसता सांगाडा समजू नका; सांगाडा, सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, टायर आणि या सगळ्यांवर वजन कसं मांडलंय, ते सगळं कुटुंब त्यात आलं. आणि टायरच्या दुकानात चाकाला शिशाचे तुकडे चिकटवून करतात ते 'बॅलन्सिंग' निराळं. त्याने स्टीअरिंगची थरथर जाते, गाडीचा स्वभाव बदलत नाही.

पायरी १: घोड्यांचा आकडा नीट वाचा

जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लायफे, १९२७ पासून आहे. जंगलातून, चढउतारांवरून जाणारा २०.८ किलोमीटरचा घाटच म्हणा ना. सप्टेंबर २०१३ मध्ये पोर्शेच्या ९१८ स्पायडरने तिथे ६ मिनिटं ५७ सेकंदांची फेरी मारली. पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी मिळून ८८७ पीएस, म्हणजे तितके घोडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या ९११ जीटी३ आरएसने ६ मिनिटं ४९.३ सेकंद नोंदवले, तेही दोनेकशे मीटर जास्त मोजलेल्या फेरीवर. तिची ताकद किती? ५२५ पीएस. म्हणजे ३६२ घोडे कमी, आणि तरी आठ सेकंद आधी घरी.

मधल्या नऊ वर्षांत टायर खूप सुधारले, हे मान्य. दुसरं कारण गाडीच्या पाठीवर दिसतं: तो भलामोठा पंख. कंपनीच्याच आकड्यांनुसार जीटी३ आरएस ताशी २८५ किलोमीटरला हवेच्या जोरावर ८६० किलोंनी जमिनीकडे दाबली जाते. गाडीचं स्वतःचं वजन १,४५० किलो. आता हे ८६० किलो ब्रोशरवरच्या घोड्यांत कुठे शोधणार?

तरी आकडा टाकाऊ नाही, तो वाचता यायला हवा. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, एक बीएचपी म्हणजे सुमारे ७४६. म्हणून २०० पीएस आणि १९७ बीएचपी एकच. यावरून भांडण लागलेलं दिसलं तर पुढे चालायला लागा. दुसरी गोष्ट, छापलेला आकडा इंजिनाच्या एका ठरावीक आरपीएमवरचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवरचा असतो. न्यूटन-मीटरमधला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, गुणिले आरपीएम भागिले ९,५४९, की किलोवॅट मिळतात. ३०० न्यूटन-मीटरचा टॉर्क ३,००० आरपीएमला असेल तर १२८ पीएस होतात. तोच ६,००० पर्यंत टिकला तर २५६. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन युरोपात २४० पीएस द्यायचं, पण ८,३०० आरपीएमला. ती गाडी ३,००० वर चालवून "यात दम नाही" म्हणणाऱ्याने कंजुषी स्वतःच केलेली असते.

वेग वाढतो तशी हवा अडवते, आणि तिच्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २५० वरून ३०० ला जायला हवेपुरती पावणेदोनपट ताकद लागते. बुगाटी वेरॉनला २००५ मध्ये १,००१ पीएस का लागले, ते या घनातून कळतं. तिला ताशी ४०० पार करायचे होते. आपल्याकडची बैलगाडा शर्यत आठवा: सरळ घाट, काही सेकंदांचा खेळ, वळण नाहीच. तिथे ताकदच राजा. तुमचा रस्ता तसा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

पायरी २: टायरपुढे गुडघे टेका

गाडी आणि जमीन यांची भेट चार ठिकाणी होते, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं असतं. ब्रेक असो, वळण असो, पाचशे घोडे असोत, सगळा व्यवहार या चार तळहातांतून.

पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घ्या. टायर आडव्या दिशेला एक जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकाच जोर, पेलत असतील तर त्या वळणातला कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. जास्त चिकट टायरने १.२ जी मिळाला तर ८७. या हिशेबात हॉर्सपॉवर कुठेच येत नाही. १२० घोड्यांची गाडी आणि ९०० घोड्यांची गाडी, पकड सारखी असेल तर वळणाच्या पोटात सारख्याच वेगाने जातील.

वजनही सूत्रातून उडून जातं, असं एखादा हुशार वाचक म्हणेल. कागदावर उडतं. पण टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. जड गाडीचा टायर म्हणूनच लवकर हात टेकतो. १९९६ ची लोटस एलिस जेमतेम १२० पीएसची होती, पण वजन सव्वासातशे किलो.

मग करायचं काय? गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी टायरपाशी बसा. बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं जुना टायर, नक्षी कितीही शाबूत दिसो, रबर म्हणून थकलेला असतो. चारही चाकांवर एकच कंपनी आणि एकच मॉडेल आहे का ते पाहा. पुढचे-मागचे माप वाचा. माझदा एमएक्स-५ चे चारही टायर सारखे असतात, सध्याच्या ९११ कॅरेराचे पुढे २३५ मिलिमीटर रुंद आणि मागे २९५. एवढ्यावरूनच वजन आणि ताकद कुठे आहे ते तुम्ही घरबसल्या सांगू शकता.

उलटी गंमतही आहे. टोयोटाने २०१२ मध्ये ८६ ही २०० पीएसची गाडी काढली तेव्हा तिला मुद्दाम बेताच्या पकडीचे टायर दिले. काही देशांत तर प्रियस या इंधन वाचवणाऱ्या गाडीवर मिळणारेच. पुष्कळांनी नाकं मुरडली. पण पकड लवकर संपली की गाडीचा तोल कमी वेगात कळायला लागतो, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

पायरी ३: वजन सरकतं कसं, ते वहीवर मांडा

एक कल्पित गाडी धरू. वजन १,४०० किलो, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं हे मागच्या सीटवरून घरंगळलेल्या भाजीच्या पिशवीनेही तुम्हाला सांगितलं असेल. किती सरकतं? वजन गुणिले ब्रेकचा जोर गुणिले उंची, भागिले व्हीलबेस. एक जीच्या कडक ब्रेकमध्ये २८० किलो.

आता याच वजनाच्या तीन गाड्या शेजारी उभ्या करा.

पहिलीचं वजन पुढे ६० टक्के, मागे ४०. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढची. उभी असताना पुढे ८४०, मागे ५६०. ब्रेकमध्ये पुढे १,१२० आणि मागे फक्त २८०. मागची चाकं जवळजवळ रजेवर.

दुसरी ५०:५०. जाहिरातीत हा आकडा देवाच्या फोटोसारखा लावतात. उभी असताना ७००-७००, ब्रेकमध्ये ९८० आणि ४२०.

तिसरी ४०:६०, म्हणजे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही (चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्याही) मागे, ९११ च्या घराण्यातली. उभी असताना पुढे ५६०, मागे ८४०. ब्रेकमध्ये पुढे ८४०, मागे ५६०. नुसती उलटापालट! चारही टायर ब्रेकचं काम करतायत. आणि वळणातून बाहेर पडताना अर्ध्या जीने रेस दिली तर १४० किलो मागे सरकून मागच्या चाकांवर ९८० किलो बसतात. ताकद जमिनीत उतरवायला आणखी काय हवं? ६०:४० वाल्या पहिल्या गाडीत त्याच क्षणी पुढच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरून वजन निघून जातं, आणि टायर नुसते किंचाळतात.

हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या डोक्यातलं ५०:५० चं देवपण गेलं. उभ्या गाडीचा तोल आणि पळत्या गाडीचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सगळ्यांनीच इंजिन मागे का टाकलं नाही? बैलगाडीत मागे जास्त माल भरला की ती उलाळ होते, पुढचं टोक वर उचलतं, आणि गाडीवान निमूट पुढे सरकून बसतो. पोर्शेने अक्षरशः तेच केलं. ९११ चं पहिलं दर्शन फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १९६३ मध्ये झालं. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये चक्क वजनं बसवली होती. १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस ५७ मिलिमीटरने वाढवला आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढे, डाव्या-उजव्या कोपऱ्यांत नेऊन ठेवल्या.

त्यानंतर १९७५ ची ९११ टर्बो आली. २६० पीएस, आजच्या मानाने काहीच नाही. तरी तिला 'विधवा करणारी' असं टोपणनाव पडलं. वळणात रेस दिली, काही घडेना, आणखी दिली, मग टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जागा झाला आणि सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर आली. चालक दचकून पाय काढतो. वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागे लटकलेलं इंजिन आधीच्याच दिशेला जात राहतं. घोडे आणि तोल यांचं नातं इतकं उघडं करून दाखवणारी दुसरी गाडी मला माहीत नाही. हेच २६० पीएस हळूहळू चढत गेले असते तर ते टोपणनाव बहुधा पडलं नसतं.

पायरी ४: इंजिन कुठे आहे, आणि कावडीचा अनुभव

खांद्यावर कावड घेऊन गर्रकन वळून बघा. दोन टोकांना दोन घागरी, वळायला वेळ लागतो, आणि एकदा वळू लागलात की थांबायलाही वेळ लागतो. त्याच दोन घागरी पोटाशी धरल्यात तर वजन तेवढंच, पण वळणं चटकन. मधल्या इंजिनाच्या गाड्या या पोटाशी धरलेल्या घागरी आहेत. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे. स्टीअरिंग हलवलं की नाक लगेच फिरतं. पण सुटली तर सुटतेही तितकीच पटकन, आणि नवख्याचे हात तेवढे वेगात चालत नाहीत. 'मिड-इंजिन म्हणजे उत्तम' हे पाठांतर त्यामुळे अर्धवट आहे.

शेव्हरोले कॉर्व्हेटचं इंजिन १९५३ पासून पुढे होतं. आठव्या पिढीत, २०१९ साली, ते मध्ये गेलं. घोडे वाढत गेले आणि ते पेलायला मागच्या चाकांवर पुरेसं वजन उरेना, हे त्यामागचं मोठं कारण. पोर्शेनेही शर्यतीच्या ९११ आरएसआरमध्ये २०१७ पासून इंजिन ॲक्सलच्या पुढे घेतलं. रस्त्यावरच्या ९११ मध्ये अजून मागेच आहे. परंपरा म्हणा, हट्ट म्हणा, मागची दोन छोटी सीटंही त्याच्यामुळेच मावतात.

माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली तेव्हा इंजिन पुढेच ठेवलं, पण पुढच्या ॲक्सलच्या मागे ढकलून, चालवणारी चाकं मागची. १.६ लिटर, ११५ पीएसच्या आसपास, वजन टनाच्या आत. त्यांचा एक जपानी शब्दप्रयोग आहे, 'जिन्बा इत्ताई': घोडा आणि स्वार एकजीव. आपण त्याला मांड म्हणतो. मांड पक्की असली की लगाम ओढावा लागत नाही, आणि गंमत म्हणजे हॉर्सपॉवरच्या चर्चेत घोड्यावर बसायचं कसं हे कुणी काढतच नाही.

पायरी ५: चालवून बघताना

ताशी ४० लाही पुष्कळ कळतं. कुणाची गाडी मिळाली, टेस्ट ड्राइव्ह मिळाली, तर सेल्समनला थोडा वेळ गप्प बसायची विनंती करा आणि गाणी बंद करा.

आधी बसण्याची जागा. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे. चॅसीची खबर तुम्हाला कमरेतून मिळते, डोळ्यांतून नंतर. सैल बसलात तर खबर अर्धी गळते.

मग मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, ब्रेक हळूहळू वाढवत नेऊन तसाच हळूहळू सोडा. नाक खाली जाताना एकदम आदळतं की पाण्यात पाय टाकावा तसं उतरतं? सोडल्यावर उसळतं का? शॉकअप चांगले असतील तर गाडी एकदाच हलते आणि स्थिर होते. ही हालचाल एकदा ओळखू यायला लागली की गाडी समजण्याचं निम्मं काम झालं.

मोठं, मोकळं सर्कल मिळालं तर एकसारख्या वेगाने एक पूर्ण चक्कर मारा. स्टीअरिंग एका जागी धरून रेस किंचित वाढवा: नाक बाहेर जायला लागतं. किंचित कमी करा: नाक आत येतं. उजव्या पायानेही गाडी वळते, हे या एका चकरेत कळतं. ताकदीचं खरं महत्त्व मला इथेच वाटतं. वजन पुढे-मागे ढकलायला ताकद हाताशी हवी, पण ती चमच्याने वाढता यायला हवी. बादलीने नव्हे.

नाक बाहेर जाणं म्हणजे अंडरस्टीअर, शेपूट बाहेर येणं म्हणजे ओव्हरस्टीअर. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्या थोड्या अंडरस्टीअरकडे झुकवलेल्या असतात. घाबरलेला माणूस आपसूक पाय काढतो, आणि पाय काढल्यावर पुढच्या चाकांवर वजन येऊन नाक परत रेषेवर येतं. हे मुद्दाम केलेलं असतं, त्याला 'कंटाळवाणं सेटिंग' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

पायरी ६: ट्रॅकवर पहिला दिवस

ताम्हिणीत, वरंध्यात, कुठल्याच घाटात हे प्रयोग नकोत. पलीकडून एसटी येत असते. आपल्या देशात कोइंबतूरचा करी ट्रॅक आहे, चेन्नईजवळचा मद्रास ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहे. करी जेमतेम दोन किलोमीटरचा आणि वळणावळणांचा, तिथे हलकी गाडी मजा करते. बुद्ध पाच किलोमीटरहून थोडा जास्त, त्यात सुमारे किलोमीटरभर सरळ पट्टा. तिथे घोडे कामाला येतात. त्यामुळे एकाच्या फेरीचे सेकंद दुसऱ्यावर नेऊन वाद घालू नका.

माझी पहिली फेरी मात्र न्यूरबुर्गरिंगवर झाली, कारण नोकरीमुळे दोन वर्षं स्टुटगार्टजवळ राहत होतो. ठरावीक दिवशी तो ट्रॅक टोलच्या रस्त्यासारखा सगळ्यांना खुला असतो: पैसे भरा, फाटक उघडतं, ओव्हरटेक फक्त डावीकडून. गावात भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांत आपली ओळखीची सुझुकी स्विफ्ट बघून मला हसूच आलं. स्पोर्ट मॉडेल, १३६ पीएस, वजन टनाच्या किंचित वर. चढावर एक रुबाबदार सेडान मला भुर्रकन मागे टाकून गेली. पुढच्या तीन वळणांत ती माझ्या काचेत मावेना इतकी जवळ आली. पुन्हा चढ, पुन्हा ती गायब. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने उजवा इंडिकेटर लावून मला वाट दिली. त्या इंडिकेटरचा आनंद मला पगारवाढीपेक्षा जास्त झाला होता, हे कबूल करतो.

पुढच्या खेपेला शहाणपण सुचलं नाही. दुप्पट ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली. सकाळी पाऊस पडून गेलेला, झाडांखाली रस्ता ओला. वळणात वेग जास्त वाटला आणि मी पाय काढला. अर्धवट नाही, पूर्ण. वर पायरी तीनमध्ये लिहिलेलं सगळं दीड सेकंदात घडलं: नाक दबलं, कमरेखालची मागची बाजू हलकी झाल्यासारखी वाटली, आणि समोरच्या काचेत रस्त्याऐवजी रेलिंग. गाडी दीड गिरकी घेऊन गवतावर थांबली, कुठे लागली नाही. तिथे रेलिंग वाकलं तर त्याचं बिल चालकाच्या नावे निघतं. गाडीत दोष काहीच नव्हता. स्विफ्टमध्ये तीच चूक मी दहा वेळा केली असेल आणि तिने दहाही वेळा पोटात घातली होती.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या काही फेऱ्या फक्त रेषेसाठी, वेग नाही. ब्रेक सरळ रेषेत, वळायच्या आधी संपवायचा. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार: ब्रेकवर सगळा उडवलात तर वळायला शिल्लक राहत नाही, आणि अंथरूण पाहून पाय पसरायचे ते इथे दर वळणाला. पाय काढायचा तर हळू काढायचा. शेपूट सुटलं तर नजर जिकडे जायचंय तिकडे. हात नजरेमागून जातात. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणाऱ्या यंत्रणा, चालूच ठेवा. डॅशबोर्डवर त्यांचा पिवळा दिवा कुठल्या वळणात लुकलुकतो ते लक्षात ठेवा, कारण नेमकं तिथेच तुम्ही पगारापेक्षा जास्त खर्च करताय.

पायरी ७: पैसे कुठे घालायचे

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, सगळ्यात शेवटी. टर्बो इंजिनात लॅपटॉप जोडून थोड्या वेळात बरेच घोडे मिळतात, म्हणून मोह होतो. पण १,४०० किलोची गाडी ताशी २०० वरून थांबवताना जी उष्णता तयार होते तिने सहा लिटर गार पाणी उकळीला येईल. एकदा थांबण्यात एवढी, आणि ताशी १०० च्या चौपट. वाढलेला प्रत्येक घोडा ब्रेकचं काम वाढवून ठेवतो.

म्हणून आधी ब्रेक फ्लुइड. तो हवेतला ओलावा शोषतो, जुना झाला की लवकर उकळतो, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ते एकदा अनुभवलं की माणूस आयुष्यभर फ्लुइडची तारीख लिहून ठेवतो. मग ब्रेक पॅड. मग चार सारखे, चांगले टायर. मग अलाइनमेंट, पण 'सरळ करून द्या' एवढ्यावर भागवू नका. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आणि शॉकअपना हात लावायचा तो त्यानंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. पुढचा बार कडक केला की पुढची पकड आधी संपते, मागचा कडक केला की मागची. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळणारच नाही. उरलेले पैसे पेट्रोल, ट्रॅकची फी आणि शेजारी बसून ओरडणारा एक चांगला शिक्षक यांवर. गाडीचा विमा ट्रॅकवर लागू आहे का, ते मात्र निघायच्या आधी पॉलिसी उघडून वाचा.

विजेच्या गाड्या आल्यापासून घोडे स्वस्त झाले आहेत. टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही चार दारांची घरगुती गाडी, २०२१ पासून १,०२० हॉर्सपॉवर देते. वजन दोन टनांच्या वर. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, हा मोठा फायदा. पण दोन टन ते दोन टनच, आणि तळहात तेच चार.

ट्रॅकवरून आत येताना शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, सावकाश मारा, म्हणजे डिस्क गार होतील. थांबल्यावर लगेच हवा मोजून चारही टायरचे आकडे लिहून ठेवा. सकाळी गार टायरमध्ये किती होती ते शेजारी लिहा. आणि हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहतील. गाडी गिअरमध्ये टाका आणि मागच्या चाकाला दगड लावा.